पाचवा वेढा

"रांगोळी आहे का घरात? जरा जास्त लागेल," लिमये म्हणाले.

मी कोठीतून डबा आणून दिला. वैशाखातली संध्याकाळ होती. अंगण सकाळीच सारवलेलं होतं. लिमये आमच्याकडे यायला लागून आठवडा झाला होता, आणि त्या आठवड्यात त्यांनी कुदळीला हात म्हणून लावला नव्हता. सकाळच्या एस्टीनं यायचे, पडवीच्या पायरीवर बसायचे आणि आम्ही घरातली माणसं कुठे जातो, कुठून येतो ते बघत राहायचे. संध्याकाळच्या गाडीनं परत गुहागरला, त्यांच्या मावशीकडे.

"बाग करायला धाडलाय का पाळत ठेवायला, वो ताई?" सगुणा मला विचारायची. सगुणा आमच्याकडे शेणगोठ्याला आणि सुपारी सोलायला यायची. "मी काल तीनदा माडाखाली गेले तर तीनदा माझ्याकडं बघून मान हलवलीन."

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तर पहिल्या दिवसापासून राग होता. "मधूला काय, पुण्यात पंख्याखाली बसून सुचतं. विहीर आटली तर खोल करायची, हे सोडून माणूस पाठवलाय पायरीवर बसायला."

विहीर दर वैशाखात तळ दाखवायची. पोफळी माना टाकायच्या. आई गेल्यानंतर आगराला, म्हणजे या माड-पोफळीच्या बागेला, कुणी विचारेनासंच झालं. मधू, माझा धाकटा भाऊ, म्हणायचा, वाडी विकून टाकू आणि तुम्ही दोघं पुण्याला या. अण्णा ऐकेनात, तेव्हा त्यानं लिमयांना पाठवलं. घराभोवतीची जमीन अशी बसवून द्यायची की ती स्वतःचं पाणी स्वतः धरेल, स्वतःचं खत स्वतः करेल आणि दोन माणसांना झेपेल. तेवढंच त्यांचं काम.

तर लिमयांनी रांगोळी घेतली आणि अंगणात आमची वाडी काढली. घर, विहीर, तुळस, गोठा, न्हाणी, पुढे पोफळी, माड, आणि उताराच्या टोकाला गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, कोपरा. मग त्यांनी आमचे पाय काढले. म्हणजे कोण कुठे किती वेळा जातं, तेवढ्या रेघा. स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीपर्यंत माझ्या इतक्या रेघा झाल्या की तिथे पांढरा पट्टाच दिसायला लागला.

"जिथे पाय रोज पडतो, तिथे रोजचं लावायचं," ते म्हणाले. "आलं, मिरची, कढीपत्ता, अळू. हा घराचा पहिला वेढा. ज्याच्याकडे दोन दिवसांनी जातो तो दुसरा. तिसऱ्यात माड-पोफळी. चौथ्यात लाकूडफाटा. आणि पाचवा," त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं, "तिथे एकही रेघ नाही. तिकडे कुणी जातं का?"

"तिकडे कोण जायला बसलंय," अण्णा म्हणाले. "राखणदाराचा दगड आहे किंजळीच्या झाडाखाली. देवदिवाळीला वर्षाचा नारळ देतो, तेवढंच."

"मग तो पाचवा. त्याला आपली गरज नाही, आपल्याला त्याची नाही. तो आपला आपण राहील."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. रोज पहाटे, अण्णांची साखरझोप चालू असताना, मागलं दार उघडून मी त्या कोपऱ्यात जात होते. आंघोळ झाली की पहिला तांब्या राखणदाराला, मग देवपूजा, मग बाकीचं सगळं. आई हे करायची. अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं मला सांगितलं, "आता तू. आणि कुणाला बोलू नकोस हो. केलेलं बोललं की सरतं." म्हणून मी बोलत नसे. लिमये यायचे तोवर माझी ओली पावलं वाळून गेलेली असायची.

त्या दिवशीही मी बोलले नाही. मला अंगणात उतरायचं होतं आणि रांगोळीवर पाय द्यायला मन होत नव्हतं, म्हणून मी तशीच उभी राहिले. लिमयांनी ते पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नकाशा पुन्हा काढला तेव्हा आमच्या दारासमोर, माझा पाय पडेल इतकी जागा मोकळी सोडलेली होती.

पावसाआधी चर मारायचे होते, उताराला आडवे, सगळीकडे सारख्या पातळीचे, म्हणजे पाणी धावत न जाता थांबेल. पातळी बघायला त्यांनी बांबूचा एक त्रिकोण केला होता, त्याच्या शेंड्याला दोरी आणि दोरीला दगड. एक पाय त्यांनी धरायचा, एक मी. दगड झुलत राहायचा.

"झाला का स्थिर?" मी विचारायची.

"त्याला घाई करायची नाही. त्याचा तो थांबेल."

मग आम्ही दोघं वाट बघत उभी. असे जितके चर झाले, तितक्या वेळा आम्ही दगड थांबायची वाट बघितली. मला कुणाबरोबर असं काही न बोलता उभं राहायची सवय नव्हती. देवाजवळ सोडली तर.

आमच्याकडे पातेरा, गळलेला पालापाचोळा, झाडून जाळायची पद्धत. लिमयांनी तो जाळू दिला नाही. चरांच्या कडेला, माडांच्या आळ्यात, सगळीकडे पसरला. अण्णा म्हणाले, "उकिरडा झाला घराचा. साप आले म्हणजे कळेल."

"साप आले तर उंदीर जातील, अण्णा."

"आणि मी कुठे जाऊ?"

"तुम्ही पायरीवर बसा. मी उठलोय आता तिथून."

अण्णा हसले नाहीत, पण त्या संध्याकाळी त्यांनी लिमयांना जेवायला थांबवून घेतलं.

लिमये मला ताई म्हणत नसत. सगुणाला सगुणाताई, मावशीच्या शेजारणीला ताई, मला मात्र काहीच नाही. "ऐकताय का" एवढंच. सगुणाच्या ते आधी लक्षात आलं. "मला ताई म्हणतो आणि तुमाला नाय. आता मी काय मोठी लागून गेले," असं म्हणून ती तोंडावर पदर घ्यायची.

माझं लग्नाचं वय आईच्या आजारपणात गेलं होतं. बघायला आलेले आले, गेले. त्याची मला खंत होती असं नाही. दिवस भरलेला असायचा. सोमवार, चतुर्थी, एकादशी. चातुर्मासात देवपूजा होईपर्यंत मौन आणि गणपतीला लक्ष दूर्वा. लिमयांनी हे सगळं हळूहळू पाठ केलं. निघताना विचारायचे, "उद्या कसला उपास?" आणि मग त्याप्रमाणे आखायचे. नागपंचमीला जमीन खणायची नसते, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांनी आदल्या संध्याकाळी कुदळी, पहारी, अगदी खुरपंसुद्धा उचलून मांगरात, अवजारांच्या खोपटात, ठेवलं आणि दाराला कडी घातली.

"तुमचा विश्वास आहे?" मी विचारलं.

"गांडुळांना एक दिवस सुट्टी मिळते. त्यावर आहे," ते म्हणाले.

तोवर पाऊस चांगला लागला होता. चर भरून थांबत होते, पाणी मुरत होतं. दाराशी आलं-हळदीची पानं वर आली होती. न्हाणीच्या पाण्यावर केळी उभ्या राहिल्या होत्या. अण्णा सकाळी उठून छत्री घेऊन चर बघायला जायचे आणि आम्हाला सांगायचे की आपल्या आजोबांनीही असंच काहीतरी केलं होतं. काम संपत आलं होतं. मला ते दिसत होतं आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते.

श्रावणातली सकाळ. मी पडवीत दूर्वा निवडत बसले होते. पूजा व्हायची होती, म्हणून मौन होतं. लिमये भिजत आले. हातात केळीच्या सोपटात गुंडाळलेलं एक रोप.

"तुमचं मौन आहे ना अजून?"

मी मान हलवली.

"बरं झालं. तुम्ही बोलायला लागलात की मला बोलता येत नाही." ते पायरीवर बसले, माझ्याकडे पाठ करून, पावसाकडे तोंड करून. "हा अनंत आहे. मावशीच्या दारातल्या झाडाची फांदी लावली होती, जगली. हा माझ्या नकाशात नाही. कुठे लावायचा ते तुम्ही ठरवा."

मी दूर्वांची जुडी बांधत होते. तिचं मोजणं चुकलं.

"पुढच्या आठवड्यात माझं इथलं काम संपतंय. एकट्यानं जायचं की तुम्हाला घेऊन जायचं, एवढंच मला कळायला हवंय. तुम्ही तोंडानं सांगायला पाहिजे असं नाही. तुम्हाला ते जड जाईल आणि मला ऐकणं जड जाईल. तुम्ही हा लावा. सोमवारी मी येईन तेव्हा बघेन कुठे लावलाय. मला समजेल."

रोप पायरीवर ठेवून ते पावसात निघून गेले. मी जुडी सोडली, पुन्हा मोजली, पुन्हा चुकली. त्या दिवशी पूजेला फार उशीर झाला.

रविवारपर्यंत मी ते रोप मागच्या पडवीत ठेवलं आणि येता-जाता त्याच्याकडे बघत राहिले. दाराशी लावावं का, हा विचार मनात आला होता. मी खुरपं घेऊन तिथे बसलेसुद्धा. एका बाजूला मिरची, एका बाजूला कढीपत्ता. हात लांबवला की तोडून आणायचं, फोडणीत टाकायचं. हे सगळं वापरायचं होतं. माणसाला असं मिरचीशेजारी कसं लावायचं? तुळशीपाशी लावावं, तर तिथे सगुणा भांडी पालथी घालते. विहिरीपाशी दिवसभर येणं-जाणं.

माझ्या दिवसात एकच जागा होती जी फक्त माझी होती. अजून उजाडलेलं नसतं, कुणी उठलेलं नसतं, मी कुणाची मुलगी नसते, कुणाची बहीण नसते, आणि ओले पाय घेऊन मी तिथे जाते. त्याआधी मी पाणीही पीत नाही. माझ्याकडे देण्यासारखं जे काही होतं त्यात ते पहिलं होतं.

सोमवारी पहाटे मी किंजळीखाली, राखणदाराच्या दगडाशेजारी, अनंत लावला. नेमाचं पाणी आधी दगडाला घातलं आणि उरलेलं त्याला.

लिमये दुपारी आले. माझं मौन केव्हाच संपलेलं होतं, पण मी स्वयंपाकघरातच राहिले आणि खिडकीतून बघत राहिले. ते आधी दाराशी आले. खाली वाकून आल्याची पानं बाजूला करून बघितली. मग तुळशीपाशी गेले. मग विहिरीपाशी, न्हाणीच्या केळीत, गोठ्याच्या कडेला. प्रत्येक ठिकाणी थोडं जास्त थांबले. मग माडांतून पुढे गेले आणि मला दिसेनासे झाले.

बऱ्याच वेळानं परत आले. हातांना माती होती. मी चहा दिला.

"जागा चांगली निवडलीत," ते म्हणाले. "मी आळं केलंय थोडं. पातेरा टाकलाय."

"जगेल ना तिथे?"

"जगेल. तिथे त्याला कुणाची गरज लागणार नाही."

"मी पाणी घालत जाईन."

"नाही घातलंत तरी चालेल." त्यांनी कप खाली ठेवला आणि प्रथमच सरळ माझ्याकडे बघितलं. "बरं वाटलं, तुम्ही नीट विचार करून लावलात. मला समजलं."

मलाही समजलं असं मला वाटलं. आता पुढचं त्यांच्या मावशीकडून, मोठ्या माणसांकडून येईल. रीत तशीच असते. शुक्रवारी ते गेले. अण्णा त्यांना एस्टीपर्यंत पोचवायला गेले आणि एकटे परत आले. येऊन बराच वेळ पडवीत बसून राहिले. माणसाची सवय होते, असं काहीतरी म्हणाले.

गणपती झाले. मग पितृपक्ष लागला; पितृपक्षात कोण अशी बोलणी करतं? मग नवरात्र. दसऱ्याला मी नवं लुगडं नेसले आणि सकाळच्या एस्टीचा आवाज येईपर्यंत काहीच काम केलं नाही. दिवाळी गेली. मी रोज पहाटे तांब्या घेऊन जायची. अनंताला नवी पानं फुटत होती, आणि मी त्यांना हात लावून बघायची, किती झाली ते. तोवर मी कधी देवाकडे माझ्यासाठी काही मागितलं नव्हतं. त्या दिवसांत मी मागत होते, आणि मागताना शब्द सापडत नव्हते.

कार्तिकी द्वादशीचं पारणं होतं. चातुर्मास संपला होता. अण्णा पानावर बसले होते, मी वाढत होते.

"लिमयांचं जमलं," अण्णा म्हणाले. "परवा बाजारात त्यांच्या मावशीचे यजमान भेटले. दापोलीकडची मुलगी आहे. साखरपुडा झाला. मार्गशीर्षात लग्न."

मी आमटी वाढली. वाटी भरली तेव्हा पळी बाजूला केली.

"खरं सांगू का," अण्णा खाली बघून म्हणाले, "तू नाही म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. स्वार्थ. तू गेलीस तर मी इथे काय करणार, हा विचार. पण परवापासून मला झोप नाही. माणूस चांगला होता गं."

"कोण नाही म्हणालं?"

"तू."

"मी काहीच म्हणाले नाही, अण्णा."

"तोंडानं नसशील म्हणाली. एस्टी यायची होती, तेव्हा त्यानं सांगितलं मला. म्हणाला, मी विचारलं होतं, त्यांनी पाचव्या वेढ्यात लावला. मला कुठे कळतोय वेढा नि बिढा. मी म्हटलं म्हणजे काय? तर म्हणाला, जिथे वर्षातून एकदा जायचं तिथे लावला, म्हणजे नाही."

चुलीवर भात होता. तो उतरवायला हवा होता. मी उतरवला.

"तिथे मी रोज जाते," मी म्हणाले.

"कुठे?"

"राखणदाराला पाणी घालायला. पहाटे. आई घालायची, तिच्यानंतर मी."

अण्णांचा घास हातातच राहिला. "तुझी आई? रोज?"

"रोज."

"मला कधी बोलली नाही ती."

"बोलायचं नसतं."

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला वाटतं काही वेळ ते मला बघत नव्हतेच. इतकी वर्षं आपल्या शेजारून कुणी उठून जात होतं आणि आपण झोपलेलो होतो, असा काहीतरी त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी घास पानात ठेवला.

"मी उद्या जातो गुहागरला."

"आणि काय सांगाल?"

"सांगेन, घोटाळा झाला. अजून अक्षता पडलेल्या नाहीत. असं मोडतं कधीकधी. मावशीच्या पाया पडेन मी, त्यात काय."

मी दाराला धरून उभी होते. हो म्हणावं असं माझ्या सगळ्या अंगात होतं. नुसती मान हलवली असती तरी अण्णा त्या दुपारच्याच गाडीनं गेले असते.

"त्या मुलीनं होकार दिलाय?" मी विचारलं.

"दिलाय. धीट आहे म्हणे. सगळ्यांच्या देखत म्हणाली, मला पसंत आहे."

"स्वतःच्या तोंडानं?"

"हो."

"मग राहू दे, अण्णा."

"वासंती..."

"तिनं म्हटलंय. आता ती दिवस मोजत असेल. वाट बघणं काय असतं ते मला या तीन महिन्यांत कळलंय. ते मी तिला कसं देऊ?"

मी विचारलं, "ताक वाढू?" त्यांनी पान पुढे सरकवलं, पण डोळे पुसायला त्यांना डावा हात लागला.

पानं काढल्यावर मी अंगणात आले, आणि जिथे त्यांनी रांगोळी काढली होती तिथे उभी राहून कोपऱ्याकडे पाहिलं. दुपारी मी तिकडे कधी बघत नसे. इथून ते खरंच फार लांब होतं. मधे सगळे माड होते. रोप तर दिसतही नव्हतं.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. अण्णा गेले, त्यांच्यामागून सगुणाही. वाडी विकली नाही. विहीर वैशाखातसुद्धा आटत नाही, आणि लोक ती बघायला येतात. परवा दापोलीच्या शेतकी कॉलेजची मुलं आली होती. मी त्यांना सगळं हिंडून दाखवलं, चर, केळी, माडांवर चढलेली मिरी. त्यांतली एक मुलगी फार चौकस होती. सगळीकडे हात लावून बघत होती.

"मावशी, तिकडे टोकाला अनंत कसा काय? फुलांनी भरलाय नुसता. पूजेला फुलं तुम्हाला रोज लागत असतील ना?"

"लागतात."

"मग एवढ्या लांब जाता रोज?"

"जाते ना. पाऊस असला तरी."

"अहो, मग दाराशी नाही का लावायचा?" ती हसली, आणि तिच्याबरोबरची मुलंही हसली. "आम्हाला पहिल्याच तासाला शिकवतात हे. जे रोजचं, ते दाराशी."

"हो," मी म्हणाले. "दाराशी लावायला हवा होता."

मग त्यांना कोकमाचं सरबत द्यायचं होतं, म्हणून मी आत गेले.